विंच बंपरात नाही, चासीत बसते

मे महिना सरायला लागला की आमच्या उद्यमनगरातल्या गॅरेजात दोन जातीची गिऱ्हाइकं वाढतात. एक वायपर बदलायला येणारी, दुसरी विंच, म्हणजे फसलेली गाडी दोरीने ओढून काढायची बॅटरीवरची मोटर, बसवायला येणारी. टपालाचंही तसंच आहे. या वेळी आलेल्या पत्रांतली चार काढलीत, चारही विंचची. पहिल्याच पत्राने निम्म्याहून जास्त जागा खाल्ली, बाकीच्यांनी राग मानू नये.

प्रश्न : काका, माझ्याकडे २०१६ ची महिंद्रा थार, सीआरडीई मॉडेल आहे. तीन मिमी पत्र्याचा विंच बंपर मागवलाय, त्यात १२,००० पौंड ओढणारी विंच बसवायची आहे. गावातला वेल्डर म्हणतो, बोल्टच्या भानगडीत पडू नका, बंपर थेट चासीला वेल्ड मारून देतो, जन्मात हलणार नाही. करू का? बॅटरी तीच चालेल का? (एक वाचक, देवरूख)

उत्तर : वेल्डरला चहा पाजा आणि प्रेमाने परत पाठवा. चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, वेल्डिंगचा होल्डर लावू देऊ नका. तुम्ही काका म्हणालात, तर आधी या काकाची फजिती ऐका.

२००९ च्या जुलैत एका मित्राच्या एमएम ५४० जीपला मी स्वतः विंच बसवली. सी चॅनेल कापून बंपर केला, वर विंच ठेवली, काळा रंग मारला. दिसायला असा झाला की रस्त्यावरची माणसं थांबून बघायची. बंपर चासीला धरायला चार बोल्ट, कोपऱ्यावरच्या हार्डवेअरमधून किलोवर घेतलेले. गगनबावड्याच्या अलीकडे एका ओढ्यात दुसरी जीप बसली होती, तिला ओढायला गेलो. वायर ताणली, जीप दोन हात सरकली आणि फाडकन आवाज झाला. डावीकडचे दोन्ही बोल्ट तुटले आणि हाक मारल्यावर कुत्र्याने मान वळवावी तसा बंपर उजवीकडे वळला. कुणाला लागलं नाही, पण त्यात माझी हुशारी काही नव्हती. पाऊस इतका होता की सगळे झाडाखाली आडोशाला उभे होते. त्यातला एक बोल्ट आजही माझ्या टेबलावर आहे. डोकं गुळगुळीत. ताकद सांगणारा ८.८ किंवा १०.९ असा आकडा नाही, बनवणाऱ्याची खूण नाही.

तेव्हापासून गिऱ्हाइकाला मी पहिल्यांदा एकच गोष्ट सांगतो. बंपर म्हणजे विंचला बसायला दिलेला पाट. ओढ सगळी चासीने सोसायची असते. दोरीची ओढ ती गुंडाळायच्या ड्रमवर येते, ड्रममधून विंचच्या पायातल्या चार बोल्टांवर, तिथून खालच्या प्लेटवर, प्लेटमधून बाजूच्या ब्रॅकेटवर आणि ब्रॅकेटच्या बोल्टांतून चासीत उतरते. विंचवर १२,००० लिहिलेलं असू दे, बोल्ट किलोवरचे असतील तर विंच त्या बोल्टांच्या ताकदीचीच.

आता तुमचा बंपर. बाहेरचं कवच तीन मिमीचं असलं तरी चालेल, दगडाला घासायला तेवढं पुरतं. पण विंच जिच्यावर बसते ती आतली प्लेट सहा मिमीच्या खाली नको. जाडी मोजायचा व्हर्नियर नसेल तर पट्टी धरून अंदाज घ्या, पण मोजा. विकणाऱ्याने ‘हेवी ड्यूटी’ लिहिलंय म्हणून सोडू नका. ब्रॅकेट चासीच्या तोंडावर नुसता टेकलेला नको, दोन्ही बाजूंनी चासीच्या पट्टीला लागून मागे गेलेला हवा, म्हणजे बोल्ट आडवे बसतात. चासी आतून पोकळ असते. तिच्या आरपार बोल्ट घालून पाना मारला की ती डब्यासारखी चेपते आणि महिन्याभरात बोल्ट सैल होतो. म्हणून भोकाच्या आत बोल्टच्या मापाची जाड नळी, आमच्याकडे स्लीव्ह म्हणतात ती, चासीच्या रुंदीइतकी कापून घाला. वीस मिनिटांचं काम आहे, पण दहांतले आठ जण ते टाळतात.

वेल्ड का नको? वेल्डच्या कडेची पट्टी तापून कडक होते. घाटातली थरथर आणि विंचचा झटका तिथेच येतो आणि चीर तिथूनच सुटते. दुसरं, चासीच्या पोकळीतला आतला रंग जळून जातो. तिथे ब्रश पोचत नाही आणि देवरूखची हवा तुम्हाला मी सांगायला नको. तिसरं, उद्या रेडिएटर काढायचा झाला तर ग्राइंडर घेऊन बंपर कापणार का? आणि सीआरडीईला ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, आहे. बॅटरीच्या तारा न काढता वेल्डिंग केलं तर तो उडायची भीती वेगळीच.

१२,००० ची हौस सोडा. हिशेब साधा आहे. माणसं, सामान, डिझेल धरून गाडीचं जे भरलेलं वजन, त्याच्या दीडपट विंच. तुमची थार भरून सव्वादोन टन धरू. दीडपट म्हणजे ३,३७५ किलो, जवळजवळ साडेसात हजार पौंड. आठ हजारांची काठावर बसते, साडेनऊ हजारांची (म्हणजे ४,३०० किलोची) ऐसपैस. त्याच्या वरची घेतली तर पुढे वजन वाढतं, आणि गाडी झाडात अडकलेली असताना तुम्ही बटण दाबून धरलं तर विंच हार मानायच्या आत चासी हार मानते.

डब्यावरचा आकडा एक गोष्ट सांगत नाही. ती ताकद ड्रमवर दोरीचा एकच थर उरला असताना असते. थर वाढत गेले की ड्रमचा घेर वाढतो आणि ओढ कमी होते. चौथ्या थरावर ती दोन-तृतीयांशाच्या आसपास येते. म्हणजे झाड गाडीपासून चार हातांवर असेल तर तुमची विंच सगळ्यात अशक्त असते. अशा वेळी स्नॅच ब्लॉक, म्हणजे उघडणारी पुली, झाडाला अडकवून दोरी परत गाडीच्या हुकला आणायची. ओढ जवळजवळ दुप्पट होते, वेग निम्मा होतो, आणि ड्रमवरची दोरी जास्त सुटल्यामुळे खालचा थर मिळतो तो फायदा वेगळा. पुलीवर खर्च करा, १२,००० वर नको.

बसवताना एक चाचणी करा, ती कुठल्याच पत्रकात मी नीट लिहिलेली पाहिली नाही. बहुतेक विंचच्या पायाची भोकं १० इंच बाय साडेचार इंच अशी असतात, मधे ड्रम, एका टोकाला मोटर, दुसऱ्या टोकाला गिअर. प्लेट जरा जरी पिळलेली असेल तर चारही बोल्ट आवळल्यावर ती मोटर आणि गिअरला एकमेकांपासून वाकडं खेचते आणि ड्रम मधे अडकतो. म्हणून आधी बोल्ट हाताने फिरवून घ्या, विंचचा क्लच सोडा आणि रिकामा ड्रम हाताने गोल फिरवून बघा. मग एकेक बोल्ट समोरासमोर आवळत जा आणि प्रत्येक वेळी ड्रम फिरवा. जिथे हाताला जड लागेल तो कोपरा बसलेला नाही. तिथे पातळ शिम, म्हणजे पत्र्याची चकती, घाला. बोल्ट ८.८ चे, लांबी विंचसोबत आलेल्या कागदात दिलेली तेवढीच. लांब बोल्ट आत टेकतो, पाना घट्ट लागल्याचा भास होतो आणि पाय सैलच राहतो.

बॅटरीचं. हेडलाइटचा ६० वॉटचा एक बल्ब पाच अँपिअर घेतो. पूर्ण ताणावरची विंच ४०० च्या घरात घेते, म्हणजे ऐंशी बल्ब एकदम पेटवल्यासारखं. एवढं इंजिनवर वीज तयार करणारा अल्टरनेटर देऊ शकत नाही, देते ती बॅटरी. म्हणून इंजिन चालू ठेवायचं, मिनिटभर ओढायचं, मग थांबून मोटरवर हात ठेवून बघायचं. हात ठेवता येत नसेल तर चहाची वेळ झाली. बॅटरी चांगल्या प्रकृतीची असेल तर तीच चालेल, चार वर्षांची म्हातारी असेल तर आधी तीच बदला. निगेटिव्ह वायर बंपरच्या बोल्टला लावून मोकळे होऊ नका, थेट बॅटरीपर्यंत न्या. वायरीच्या टोकाचे लग हातोडीने ठोकलेले नकोत, क्रिंपिंगच्या पक्कडीने दाबलेले हवेत. बॅटरीजवळ एक मोठा कट-ऑफ स्विच टाका. पॉझिटिव्ह वायर पत्र्याच्या कडेला घासून सोलली गेली तर आग लागायला दोन मिनिटं पुरतात, आणि त्या वायरीवर बहुतेकदा फ्यूज नसतो.

राहिलं वजन. विंच चाळीस किलोच्या आसपास, बंपर तेवढाच किंवा थोडा जास्त. हे ऐंशी-नव्वद किलो पुढच्या चाकांच्याही पुढे लटकतात, त्यामुळे चाकांवर त्याहून जास्त भार येतो आणि मागची चाकं थोडी हलकी होतात. जुन्या डीआय मॉडेलच्या थारला पुढे पाटे होते, एक पान वाढवलं की भागायचं. तुमच्या सीआरडीईला पुढे टॉर्शन बार, म्हणजे पिळून स्प्रिंगचं काम करणारी दांडी, आहे. गाडी बसली की मिस्त्री लोक बारचा बोल्ट पिळून ती वर उचलून देतात. थोडं ठीक आहे, पण हौसेने दोन इंच उचललीत तर चाकं फिरवणारे ड्राइव्ह शाफ्ट तिरके होतात आणि वर्षाच्या आत त्यांचे रबरी बूट फाटतात. बसवण्याआधी सपाट जागेवर मडगार्डच्या कमानीपासून चाकाच्या मध्यापर्यंत टेपने मोजून भिंतीवर लिहून ठेवा. बसवल्यावर पुन्हा मोजा. मग अलाइनमेंट, मग हेडलाइटचा झोत. आणि मे महिन्यात एसी लावून आंबा घाट चढून बघा, तापमानाचा काटा वर सरकला तर विंच रेडिएटरच्या तोंडावर बसलीय असं समजा.

सगळं झालं की दोरी ड्रमवर ताणून गुंडाळा. कोरी दोरी सैल गुंडाळलेली असते, पहिल्याच ताणात वरचा थर खालच्या थरात रुतून बसतो. हलका चढ निवडा, दोरी पूर्ण सोडा (ड्रमवर निदान पाच वेढे ठेवून, सिंथेटिक असेल तर दहा), झाडाला रुंद पट्टा बांधा, गाडी न्यूट्रलमध्ये, आत एक माणूस ब्रेकवर हलका पाय ठेवून, आणि गाडीनेच गाडीला वर ओढू द्या. वेढ्याला वेढा लागून बसला पाहिजे, भोवऱ्याच्या जाळीसारखा.

प्रश्न : मुलाने २०२२ ची नवी थार घेतली आहे. आता लोखंडी विंच बंपर हवा म्हणून हट्ट धरून बसलाय. शेजारचे म्हणतात पोलिस पकडतात. मुलगा म्हणतो सगळेच लावतात. खरं काय? (एक आई, सांगली)

उत्तर : ताई, सगळेच लावतात हेही खरं आणि पकडतात हेही खरं. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना कळवलं की गाड्यांच्या पुढचे लोखंडी क्रॅश गार्ड आणि बुल बार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाहीत, कारवाई करा. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की कंपनीने दिलेल्या मूळ घडणीच्या विरुद्ध फेरबदल चालणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बेकायदा फेरबदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. ‘विंच बंपर’ असं वेगळं नाव दिलं म्हणून रस्त्यावरचा हवालदार त्याला वेगळं मानणार नाही.

पण मी तुमच्या बाजूने बोलतोय ते दंडासाठी नाही. नव्या थारला पुढे दोन एअरबॅग आहेत. धडक बसली की पुढचा भाग चेपताना गाडीचा वेग किती झटक्यात कमी होतो त्यावरून सेन्सर ठरवतो, एअरबॅग उघडायच्या की नाही. चेपायच्या जागी लोखंडाचा ठोकळा बसवला की तो हिशेब बिघडतो. आणि समोर शाळेतलं पोर सायकलवर असेल तर त्याच्यासाठी प्लास्टिकचा बंपर आणि सहा मिमीची प्लेट यांत काय फरक आहे, हे मी तुम्हाला लिहायला नको.

मुलाला खरंच डोंगरात जायचं असेल तर त्याला दोन गोष्टी घेऊन द्या. एक तिरफोर, म्हणजे हाताने हलवायची वायर-ओढणी, दीड टनाच्या आसपास ओढणारी. आमच्या फाउंड्रीवाल्यांकडे ती मशिन सरकवायला असतेच. गाडीत डिकीत बसते, बॅटरी नको, बंपर नको, भोकं नकोत. दांडा मागे-पुढे करताना घाम निघतो, आणि माझ्या अनुभवाने गाडी फसवायची हौसही त्याने निम्म्यावर येते. दुसरी गोष्ट, बरोबर दुसरी गाडी असल्याशिवाय जायचं नाही. तरी विंचच हवी म्हणाला तर मूळ बंपरच्या मागे विंच लपवून बसवायच्या प्लेटी मिळतात, पण तोही फेरबदलच. आधी आरटीओला आणि विमा कंपनीला लेखी विचारायचं, उत्तर लेखी घ्यायचं. राधानगरी-दाजीपूर भागात जाणार असेल तर एवढं सांगा की अभयारण्यात ठरलेली वाट सोडून गाडी घालणं हा गुन्हा आहे, तिथे विंच असून उपयोग नाही.

प्रश्न : आमची बोलेरो कॅम्पर फोर बाय फोर शेतात जाते. पावसाळ्यात काळ्या रानात रुतते ती रुततेच. विंच बसवली तर सुटेल का? (शेतकरी, परभणी)

उत्तर : विंच कशाला बांधणार? तुमच्या रानात नजर जाईल तिथवर कापूस, झाड बांधावर एखादं, तेही शेवग्याचं. शेवगा, पांगारा ही झाडं विंचच्या कामाची नाहीत, लाकूड पोचट आणि फांदी कडाकड मोडते. बाभूळ किंवा कडुलिंब असेल तर बुंध्याला जमिनीलगत रुंद पट्टा, वायर थेट कधीच नाही. काहीच नसेल तर स्टेपनी पुरून तिला बांधतात, पण गुडघाभर काळ्या चिखलात खड्डा खणून बघा एकदा, मग पत्र पाठवा.

काळी माती चाकाला धरून बसते. चाकभर रुतली की गाडीच्या वजनाइतकी ओढ लागते, मडगार्डपर्यंत गेली की दुप्पट. म्हणून आधी फावडं. चाकांच्या पुढची माती उतरती कापा, खाली तुराट्या किंवा पऱ्हाट्या टाका, टायरची हवा निम्म्याच्या जवळपास आणा, मग बघा. नाही निघाली तर शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आहेच. पट्टा बोलेरोच्या चासीच्या हुकला लावा, मागच्या टोइंगच्या गोळ्याला नाही. तो गोळा ट्रॉलीसाठी असतो, तुटला की तोफेच्या गोळ्यासारखा समोरच्याच्या काचेत जातो. मधे शॅकल, म्हणजे पिनची लोखंडी कडी, लागला तर पाऊण इंची, त्याच्या अंगावर ‘४.७५ टी’ कोरलेलं असतं, ते वाचून घ्या. विंचचे पैसे वाचले ते पुढच्या मड टायरमध्ये घाला.

प्रश्न : विंचच्या वायरला कुसळं सुटलीत, हात फाटतात. सिंथेटिक दोरी टाकली तर दोरी जिथून बाहेर येते तिथले जुनेच रोलर चालतील का? (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : नाही. वायरने रोलरवर चरे पाडलेले असतात, ते नव्या दोरीला करवतीसारखे कापतात, आणि रोलरच्या कोपऱ्यातल्या फटीत दोरी चिमटते. त्याऐवजी गुळगुळीत अॅल्युमिनियमचा हॉज, म्हणजे दोरी बाहेर यायची गोल कडांची खाच, बसवा. ड्रमच्या कडा बोटाने चाचपा, काही लागलं तर पॉलिश पेपरने घासून घ्या. दोरी दहा मिमीची घ्या. हलकी असते, तुटली तर वायरसारखी झेपावत नाही, तरी ताणलेल्या दोरीवर ओलं पोतं टाकायचं आणि तिच्यावरून ओलांडायचं नाही, हा नियम तसाच. दोन गोष्टी मात्र तिला सोसत नाहीत. एक तुमचा जांभा. कडेवरून ओढायची वेळ आली तर खाली जुन्या टायरचा तुकडा घाला. दुसरी उष्णता. बऱ्याच विंचचा ब्रेक ड्रमच्या आतच असतो. उतारावर गाडी लोंबकळत ठेवून मोटरने दोरी सोडत गेलात की ड्रम तापतो आणि आतल्या थराची दोरी वितळायला लागते. चिखलातून आलात की बादलीत धुवा, रेती धाग्यांत बसली की आतून कातरते.

तोवर चामड्याचे हातमोजे घाला, कापडी नकोत. आणि काढलेली वायर भंगारात द्या. मी ती घरी नेऊन मागच्या अंगणात कपडे वाळत घालायला बांधली होती. दोन साड्यांना कुसळं धरली, आणि त्यावर घरून जे उत्तर आलं ते या सदरात छापण्यासारखं नाही.